माळ्यावरची दोन पिस्तुलं : पोर्तुगीज, इंग्रज की आणखी कुणाची?

वाळवंटीकाठी (रविवार, सकाळी ११.२०)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

सांखळीला आमचं जुनं मातीच्या भिंतींचं घर आहे. मधे राजांगण, भोवती चौक, वर माळा. पावसाआधी कौलं चाळायला माणसं वर गेली तेव्हा फणसाच्या फळ्यांचा एक पेटारा खाली उतरवावा लागला. तो तिथे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "भितर पाखल्यांच्या (म्हणजे पोर्तुगीजांच्या) कपितांवाचीं पिस्तुलां आसात, कोणें हात लावंक ना" असं आजोबांनी सांगून ठेवलेलं, म्हणून उघडला मात्र कुणी नव्हता.

उघडला. खरंच दोन पिस्तुलं निघाली.

घरातली कथा अशी : १८५२ साली दीपाजी राण्यांनी बंड करून नाणूसचा किल्ला घेतला, तेव्हा आमचे खापरपणजोबा त्यांच्याबरोबर होते आणि एका पोर्तुगीज कप्तानाच्या कमरेची ही जोडी त्यांनी हिसकावून आणली. लहानपणापासून हेच ऐकलंय. चुलतभावाने तर शाळेत यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं.

आता वर्णन. मोठं पिस्तूल साधारण ३८ सेंटिमीटर, त्यातली नळी २२.९. नळीचं तोंड साडेसोळा मिलिमीटर. लाकूड काळपट आणि जड, मुठीला पितळी टोपी. घोड्याच्या जबड्यात तांबूस दगड अजून आहे. घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर पत्त्यातल्या बदामासारखं चिन्ह आहे, आत फुलीसारख्या रेघा आणि डोक्यावर इंग्रजी चारचा आकडा. आई म्हणते, बदाम म्हणजे येशूचं पवित्र हृदय, म्हणजे हे पाखल्यांचंच. धाकटं पिस्तूल हातभरही नाही, लाकूड फिकं, आणि त्याला दगडाची जागाच दिसत नाही.

हे नेमकं कुठलं? कुणाचं? पोर्तुगीज असेल तर ते ओळखायचं कसं? फोटो डकवलेत.

फोंड्याचो (रविवार, सकाळी ११.३४)

फोटो दिसना रे. पण पयलो नंबर म्हजो. 🙂

काठावरचा (रविवार, दुपारी १२.०५)

मलाही नाही दिसले. संपादक मंडळ, जरा बघा ना. तोवर पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

उंटावरचा शहाणा (रविवार, दुपारी १२.४०)

मोह आवरा. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात असली "पुरातन" पिस्तुलं ढिगाने मिळतात. मुंबईच्या चोरबाजारातही मिळतात. राजस्थानात करतात, तेजाबाने गंज चढवतात आणि गोऱ्यांना विकतात. तुमच्या आजोबांना कुणीतरी टोपी घातलेली असणार.

वाळवंटीकाठी (रविवार, दुपारी १.१०)

शहाणे साहेब, आजोबा गेले तेव्हा हणजूणला बाजार भरत नव्हता. फोटो आता दिसायला हवेत.

गंजखोर (रविवार, रात्री १०.१५)

फोटो दिसले. आधी सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं नंतर.

मोठं पिस्तूल भरलेलं आहे का ते तपासा. थट्टा नाही. जुन्या घरांत सापडणारी ठासणीची हत्यारं पुष्कळदा भरलेलीच असतात, कारण एकदा ठासलेला बार काढायचा सोपा मार्ग म्हणजे उडवणं, आणि उडवायची वेळच आली नाही की हत्यार तसंच वर जातं. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते.

कृती : घोड्याला हात लावू नका. नळीचं तोंड माणसांपासून आणि तुमच्या स्वतःपासून दूर ठेवा. बांबूची सरळ काडी हळूच नळीत सोडा, टेकेपर्यंत. तोंडाशी काडीवर खूण करा. मग काडी बाहेर काढून नळीला लावून धरा. काडीचं टोक मागच्या बारीक भोकापर्यंत, म्हणजे कानापर्यंत, पोचलं तर नळी रिकामी. अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे.

हे करून सांगा. तोवर मी बाकीचं टंकत नाही.

वाळवंटीकाठी (सोमवार, सकाळी ७.५०)

काडी साडेसतरा सेंटिमीटरवर थांबली. कान बावीसच्या आसपास आहे.

रात्रभर ते माझ्या टेबलावर होतं. मुलीने त्याच्याबरोबर सेल्फी काढला होता.

काठावरचा (सोमवार, सकाळी ७.५८)

बाप रे.

गंजखोर (सोमवार, सकाळी ८.०२)

घाबरू नका, घोड्यासमोरच्या वाटीत रंजक (पेट द्यायची बारीक दारू) नसेल तर ते आपोआप उडणार नाही. पण उन्हात ठेवू नका, चुलीजवळ नेऊ नका, आत स्क्रूड्रायव्हर तर मुळीच घालू नका. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा असतो आणि सोरा पाण्यात विरघळतो. नळीत पाणी भरून उभं ठेवलं की दारूचा जीव जातो. पण ते काम जाणकाराने करावं, आणि त्याआधी पोलिसांना कळवावं. कलमबहाद्दर, आहात का?

कलमबहाद्दर (सोमवार, सकाळी ९.३०)

आहे. थोडक्यात सांगतो, सविस्तर सल्ल्याला फी पडते. 🙂

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे. पण लोक पुढचं वाक्य वाचत नाहीत : ते हत्यार दुरुस्त करूनही वापरता येऊ नये, तरच सूट. तुमचं तर भरलेलं आहे! "आजोबांच्या आठवणीचं" हे ठाण्यात चालत नाही. लेखी अर्ज द्या, दोन्हींचे फोटो जोडा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हत्यार हातातून सोडू नका.

दुसरं, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. लंडनचा मामेभाऊ मागत असेल तर त्याला फोटो पाठवा.

वाळवंटीकाठी (सोमवार, संध्याकाळी ६.४५)

मामेभाऊ लिस्बनला आहे, आणि खरंच मागतोय. तुम्हाला कसं कळलं?

अर्ज दिला. कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही. दोन तास बसवलं, तिघांनी पिस्तुलाबरोबर फोटो काढले (भरलेलं आहे म्हटल्यावर चौथा मागे सरला) आणि शेवटी पोच मिळाली. बार काढायला ओळखीतले लष्करातून निवृत्त झालेले एक आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारे) शनिवारी येणार आहेत, हवालदारासमोर.

गंजखोर (सोमवार, रात्री ११.१०)

छान. आता बदामाकडे वळू.

आईंना सांगा की तो येशूच्या हृदयाचा नाही. तो ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का आहे. बदामाचे फुलीने चार कप्पे करून त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं असत. व्ही म्हणजे तेव्हाच्या लिपीतला यू, युनायटेडचा. वर चारसारखी दिसणारी खूण. व्यापाऱ्यांनी गठ्ठ्यांवर मारायची ही खूण कंपनीने बंदुकांवरही आणली. १८०८ मध्ये कंपनीने बदाम सोडून मागच्या पायांवर उभा सिंह घेतला. म्हणजे ही कळ (बार पेटवणारी यंत्रणा, घोडा-पट्टीसकट) १८०८ च्या आधीची. कंपनीच्या त्या काळातल्या बऱ्याच कळींवर कंत्राटदाराचं नाव आणि सालही असतं. पट्टीच्या मागच्या टोकाला घोड्यामागे बघा, गंजाखाली काही असेल.

मापंही बोलतात. नऊ इंची नळी आणि इंचाच्या पासष्ट शतांशांचं तोंड (तुमचे साडेसोळा मिलिमीटर) हे इंग्रजी घोडेस्वाराच्या पिस्तुलाचं ठरलेलं माप.

धाकट्याची गोष्ट वेगळी. ते कधीकाळी चकमकीचं (दगडाच्या ठिणगीने उडणारं) होतं, नंतर केपाचं (ठोकताच पेटणाऱ्या छोट्या टोपीचं) केलंय. पट्टीवर तीन बुजवलेली भोकं दिसतात ना? तिथे रंजकाची वाटी आणि पोलादी पानाची कमान होती. ती काढून केप बसवायची टिचकी लावली. केपा १८२० नंतर सर्रास झाल्या आणि जुन्या कळी अशा बदलून घ्यायची लाट आली. नळीच्या डाव्या अंगाला मागे अंडाकृती चौकटीत काही अक्षरं आहेत का?

वाळवंटीकाठी (मंगळवार, सकाळी ८.२०)

आहेत! ई, एल, जी. खाली चांदणी. चौकटीवर काही नाही.

मोठ्यावरचं साल वाचता येत नाही. १७ स्पष्ट आहे, पुढचे दोन आकडे गंजाने खाल्ले. नळीवर मात्र मुकुट आणि त्याखाली व्ही दिसतो.

गंजखोर (मंगळवार, सकाळी ९.०५)

मुकुटाखालचा व्ही हा लंडनच्या बंदूकवाल्यांच्या कंपनीचा तपासणीचा शिक्का. त्यांना सनद १६३७ ची. ई-एल-जी म्हणजे बेल्जियमचं लिएज. तिथे १८१० पासून हा शिक्का मारतात, १८९३ पासून त्यावर मुकुट आला. तुमच्याकडे मुकुट नाही, म्हणजे १८१० ते १८९३ मधली नळी. लिएजवाले जगभर माल विकत. पोर्तुगालला, ब्राझीलला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. त्यांना कुणी गिऱ्हाईक वर्ज्य नव्हतं.

थोडक्यात, साहेब, ही जोडी नाही. एकाची कळ अठराव्या शतकातली लंडनची, दुसऱ्याची नळी एकोणिसाव्या शतकातली लिएजची. एकाच कप्तानाच्या कमरेला असायची शक्यता फारच कमी.

वाळवंटीकाठी (मंगळवार, सकाळी ९.४०)

चुलतभावाचं बक्षीस परत द्यावं लागणार म्हणायचं.

उंटावरचा शहाणा (मंगळवार, सकाळी १०.००)

मी तेच म्हणत होतो की! बदाम काय, मुकुट काय, छिन्नीने कुणीही कोरतो. लंडनच्या टॉवरचा शिक्का असलेली बनावट पिस्तुलं मी दिल्लीत पोत्याने बघितलीत.

लेथवाला (मंगळवार, दुपारी १.२५)

शहाणेराव, शंका घ्यावी, पण हाताने घ्यावी. मी वेर्ण्याच्या वसाहतीत तीस वर्षं लेथ चालवली. फोटो मोठे करून पाहिले.

बाजारातल्या नकलेत पहिली चूक असते स्क्रूची. आजचा स्क्रू घालतात, त्याची खाच यंत्राने कापलेली, सरळ, सगळ्यांची सारखी. इथे प्रत्येक स्क्रूची खाच वेगळी, एक तर मधून सरकलेली. म्हणजे हाताने करवतलेली. दुसरी चूक गंजाची. तेजाबाचा गंज सगळीकडे सारखा पसरतो, खोबणीतही आणि कडेवरही. इथे बघा, हाताच्या घामाच्या जागी खोल खड्डे आहेत आणि पट्टीच्या खाली जवळजवळ काहीच नाही. तिसरी चूक घोड्यासमोरच्या पोलादी पानाची. नकलेत ते साध्या लोखंडाचं असतं, दगड घासला तर ठिणगी पडत नाही. आणि पुष्कळ नकलांत नळीला मागे कानच नसतो, किंवा नुसतं टोचल्यासारखं असतं, आरपार नाही. यांचा कान आरपार आहे. निदान कधीतरी होता.

बनावट शिक्के फक्त आजचेच असतात असंही नाही. त्या काळीही इकडचे लोहार इंग्रजी शिक्के कोरत, कारण त्या शिक्क्याला भाव होता. फरक अक्षरात दिसतो. वाचता न येणाऱ्याने कोरलेलं अक्षर म्हणजे चित्र, उलटसुलट झालेलं. तुमच्याकडचा व्ही मात्र ठशाने मारलाय, कोरलेला नाही. ठशाच्या कडेला धातू किंचित फुगतो, तो फुगलाय.

पण लाकूड इंग्रजी नाही. इंग्रज अक्रोडाचा दस्ता करत. हे शिसव आहे. मुठीवरची पानाची नक्षी आमच्याकडच्या देव्हाऱ्याच्या खांबावर असते तशी. कळ आणि नळी लंडनची, दस्ता इकडच्या सुताराचा.

पोफळीच्या बागेत (मंगळवार, दुपारी ३.५०)

लेथवाले दादा, दंडवत. असे प्रतिसाद वाचायला इथे येते मी.

एक भाषेचा मुद्दा. पिस्तूल हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला, पिस्तोला. काडतूसही त्यांचंच, कार्तुशो. पण दगडाच्या बंदुकीला आपल्या जुन्या कागदांत पत्थरकला म्हणत, कळ दगडाची म्हणून. तिच्याआधीची ती तोड्याची, जामगी म्हणजे वात पेटवून डागायची. आणि नंतरची केपाची, जी कोकणात डुकरं हाकायला कालपरवापर्यंत होती. म्हणजे वस्तू कुठून आली आणि शब्द कुठून आला यांचा मेळ बसेलच असं नाही.

गंजखोर (मंगळवार, रात्री ९.३०)

ताई, अगदी. गोव्याच्या बाबतीत तर ही खिचडी जुनीच. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवा घेतला तेव्हा इथे बंदुका करणारे कारागीर आधीच होते. १५१३ मध्ये त्याने आपल्या राजाला कळवलं की गोव्याचे कारागीर बोहेमियावाल्यांच्या तोडीचं काम करतात. बोहेमिया म्हणजे तेव्हाचं युरोपातलं बंदुकांचं नावाजलेलं घर! पोर्तुगीज तंत्र, जर्मन वळण आणि गोव्याचे हात यांतून जी तोड्याची बंदूक झाली, तिचीच नातलग पुढे १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली असं बरेच अभ्यासक मानतात. श्रीलंकेत तर याच गोतातल्या बंदुकांची कळ डाव्या अंगाला बसवत.

चकमकीची कळ त्यानंतरची. फ्रान्समध्ये १६१० च्या सुमारास मारँ ल बुर्जुआच्या नावावर तिचं श्रेय देतात. घोडा पुढे आला की दगड पोलादी पानावर घासतो, त्याच धक्क्याने पान वर उचललं जाऊन वाटी उघडते आणि ठिणग्या नेमक्या रंजकात पडतात. एका झटक्यात दोन कामं. दोनशे वर्षं यापुढे कुणाला काही सुचलं नाही, यातच सगळं आलं.

अस्सल इबेरियन, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडच्या जुन्या घडणीचं पिस्तूल हवं असेल तर ओळख सोपी. तिकडच्या मिकेले कळीत मोठी कमान पट्टीच्या बाहेर, डोळ्यांसमोर असते. तुमच्या दोन्हींत ती आत आहे.

वाळवंटीकाठी (मंगळवार, रात्री १०.०५)

म्हणजे पोर्तुगीज असं काहीच नाही? मग कंपनीचं पिस्तूल सांखळीला आलं कसं? इथे इंग्रजांचं राज्य कधी नव्हतं.

गंजखोर (मंगळवार, रात्री १०.४०)

राज्य नव्हतं, फौज होती. १७९९ ते १८१३. टिपू आणि नेपोलियन यांच्या धास्तीने इंग्रजांनी मित्र म्हणून गोव्यात शिरून आग्वाद आणि काबो इथे ठाण मांडलं. पोर्तुगीजांना ते आवडलं नव्हतं, पण करणार काय. दोनापावलाला राजभवनाजवळ त्यांचं कबरस्तान अजून आहे, कधी गेलात तर कबरींवरचे दगड वाचा. तुमची कळ १८०८ च्या आधीची, फौज १८१३ पर्यंत. सांधा जुळतो.

मोडीवेडी (बुधवार, सकाळी ६.५५)

जुळतो, पण जरा सैलच जुळतो. फौज किनाऱ्यावर, घर सांखळीला. त्यापेक्षा जवळचे रस्ते आहेत. सांखळीहून घाट चढला की बेळगाव, उत्तरेला सावंतवाडी. डिचोली-सत्तरी पोर्तुगीजांकडे गेली ती १७८० च्या दशकात, त्याआधी भोसल्यांचा अंमल. मराठी फौजांत इंग्रजी, फ्रेंच, देशी सगळी हत्यारं चालत. महादजी शिंद्यांनी आग्र्याला त्यांच्या युरोपी सेनानी द बॉयनच्या हाताखाली कारखाना घालून पत्थरकला करवून घेतल्या, तरीही मिळेल तिथून विकत घेणं थांबलं नाही. कंपनीचं जुनं हत्यार लिलावात निघायचं, शिपायाबरोबर पळायचं, लढाईत सापडायचं. मला तर शिसवीच्या दस्त्यावरून वाटतं की ते एका हातातून थेट इथे आलेलं नाही. मूळ दस्ता फुटण्याइतकं वापरलं गेलं, मग कुणीतरी प्रेमाने नवा करवला.

वाळवंटीकाठी, जबड्यातला दगड कसा आहे?

वाळवंटीकाठी (बुधवार, सकाळी ८.३०)

तांबडा, कडेला उजेड आरपार दिसतो. धार बोथट. चामड्याच्या तुकड्यात गुंडाळलाय.

गंजखोर (बुधवार, सकाळी ९.००)

अकीक! इंग्रजांचा दगड काळा असतो, सफकमधल्या ब्रँडनचा. फ्रेंचांचा मधाच्या रंगाचा. तांबडा अकीक म्हणजे बहुधा खंबायतकडचा. दगड काही दहा-वीस बारांनंतर बदलावाच लागतो, म्हणून तो पिस्तूल कुणी घडवलं हे सांगत नाही, शेवटी कुणी पोसलं ते सांगतो. शेवटचा मालक इकडचाच.

फोंड्याचो (बुधवार, सकाळी ९.१२)

लंडनची कळ, शिसवाचो दस्तो, खंबायतचो फातर, आनी गोंयचो धनी. हें पिस्तूल न्हय, हें आमचें गांवचें हॉटेल. 😀

वाळवंटीकाठी (शनिवार, रात्री ९.५५)

बार निघाला. हात अजून थरथरताहेत, पण लिहायलाच हवं.

आर्मरर काकांनी परसात, माडाखाली, नळीत पाणी भरून दोन तास उभं ठेवलं. मग गजाला पेचदार आकडा लावून हळूहळू फिरवत ओढलं. आधी कागदाचा बोळा आला, मग काळा चिखल. गोळी नव्हती! काकांनी तीनदा खात्री केली. नुसती दारू आणि वर ठासलेला कागद.

वाटीत राखाडी पापुद्रा होता, तोही त्यांनी दाखवला. कान आतून काजळीने गच्च बसलेला. तो मोकळा करायलाच अर्धा तास गेला.

आणि कागद मोडी आहे. अक्षरं धुऊन गेली नाहीत. वाळवून फोटो टाकलेत. मोडीवेडी ताई, बघता का?

मोडीवेडी (शनिवार, रात्री ११.३०)

झोप उडाली माझी. काजळाची शाई आहे, म्हणून पाण्यात टिकली. पोर्तुगीज दप्तरातली शाई मायफळ आणि हिराकसाची, ती कागदालाच खाते. तुमच्या बोळ्याचं पीठ झालं असतं.

तळहाताएवढाच तुकडा आहे, तोही चुरगळलेला. जेवढं निर्विवाद लागतं तेवढंच देते : "... सुपारी खंडी ... पैकी ... बाकी ... भाद्रपद वद्य ...". शक फाटक्या कडेत गेला. वळण उशिराचं, घाईचं, टाकाचं आहे. बंड नाही, राणे नाहीत, कप्तान नाही. हिशेबाच्या वहीतलं रद्दी पान आहे.

लेथवाला (रविवार, सकाळी ७.१५)

गोळी नाही म्हणजे मारायला भरलेलंच नव्हतं. आवाजाला भरलं होतं. आणि वाटीतला पापुद्रा काय सांगतो? रंजक पेटली होती. कान बुजलेला, म्हणून आग आत पोचलीच नाही. वाटीत भुस्स झालं आणि बार झाला नाही. फुसका बार म्हणतात तो हाच. भरणाऱ्याने पुन्हा प्रयत्न केला असेल, दगडाची धार गेलेली, मग कंटाळून ठेवून दिलं असेल.

घरात कुणी जुनं माणूस आहे का? विचारा, बार कशाला काढायचे.

वाळवंटीकाठी (रविवार, रात्री ८.४०)

आत्याला फोन केला. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, केपेंला असते, कान तिखट. म्हटलं, आत्ये, घरात पिस्तुलाचे बार काढायचे का गं कधी?

हसायलाच लागली. म्हणाली, "आरे, तें लग्नाचें पिस्तूल मरे!" मग जे सांगितलं ते तिने तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडून, ऐकलेलं.

आजी नवरी होऊन आली तेव्हा वरात दारात पोचली की माडीवरून बार काढायचा असं ठरलं होतं. पूर्वी प्रत्येक लग्नात काढत. बार काढायचा मान कुळागराची (पोफळीच्या बागेची) देखरेख करणाऱ्या गड्याचा, पण त्या दिवशी नवरदेवाला, म्हणजे आजोबांना, हुक्की आली की आपल्या वरातीचा बार आपणच काढणार. बाशिंग बांधलेलं, खाली नवरी उभी, वाजंत्री थांबवलेली, सगळा गाव वर बघतोय. आजोबांनी चाप ओढला. भुस्स. धूर आला, भुवई जळली. पुन्हा ओढला, काही नाही. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा खाली आजीच्या मामाला हसू आवरलं नाही आणि मग कुणालाच नाही.

त्याच रात्री पिस्तूल पेटाऱ्यात गेलं. धाकटं आधीपासून तिथेच होतं, डुकरं हाकायचं. आत्या म्हणते, कपितांवाची गोष्ट त्यानंतरची. तिच्या लहानपणी कुणी पेटाऱ्याचं नाव काढलं की आजोबांचा चेहरा लाल व्हायचा आणि आजी पदरात तोंड लपवायची.

मला आजोबा आठवतात ते करडे. त्यांचा असा पचका झालेला डोळ्यांसमोर येईना.

पोफळीच्या बागेत (रविवार, रात्री ९.०५)

मला आजी आठवायला लागली, तुमची. पाहिली नसून.

उंटावरचा शहाणा (रविवार, रात्री ९.२०)

टोपी कुणी घातली ते कळलं. मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो, अर्धाच.

मोडीवेडी (रविवार, रात्री ९.४५)

राण्यांबरोबर खापरपणजोबा नव्हतेच असं यातून सिद्ध होत नाही हं. पिस्तुलाची साक्ष फक्त उडाली. तेवढं चुलतभावाला सांगा. कागद मात्र प्लास्टिकमध्ये ठेवू नका, आम्लविरहित कागदात ठेवा, दमट हवेत बुरशी धरेल.

वाळवंटीकाठी (रविवार, रात्री १०.१०)

चुलतभाऊ धागा वाचतोय, नाव न घेता रुसलाय.

आत्याचा आता परत फोन आला. विचारतेय, त्या दिवशी कुणी कान साफ केला असता तर वाजलं असतं का? लेथवाले दादा, तिला काय सांगू?

लेथवाला (रविवार, रात्री १०.२२)

पाणी घालायच्या आधी दारू कोरडी होती ना? मग वाजलं असतं. आत एकदा दाभण फिरवायला हवं होतं.